चवदार तळ्याच्या पायऱ्या कोणाच्या? महाड-पोलादपूरच्या घरांचा दुर्लक्षित इतिहास

१.
दरवर्षी २० मार्चला समाजमाध्यमांवर महाडची आठवण निघते आणि २१ मार्चला ती पुसली जाते. तळ्याचे छायाचित्र, दोन ओळींचे अभिवादन, एक तारीख. जून महिन्यात रायगडावरच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने पुन्हा तेच घडते. गड चढणाऱ्यांची वाट ज्या गावाच्या बाजारपेठेतून जाते, ते गाव जुलैत पाण्याखाली गेले की त्याची नोंद मात्र इतिहासात होत नाही, ‘हवामान वृत्तात’ होते. ही विभागणीच खोटी आहे, हे या सूत्राचे प्रतिपादन.

२.
महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत गेल्या दोन दशकांत जी माणसे दरडीखाली, पुरात आणि कोसळलेल्या इमारतीत गेली, त्यांचा प्रश्न आणि १९२७ चा प्रश्न एकच आहे. राहण्याजोगी जमीन, पिण्याजोगे पाणी आणि सर्वांना वावरता येईल अशी जागा यांवर हक्क कोणाचा, आणि तो कागदावर मिळाल्यानंतर जमिनीवर का मिळत नाही?

३.
प्रारंभ सत्याग्रहाच्याही फार आधीपासून करावा लागतो. महाडच्या वेशीवर, मुंबई-गोवा महामार्गालगत, गांधारपाले येथे बौद्ध लेणी आहेत. तेथील एका शिलालेखात कुमार काणभोज विष्णुपालित याच्या दानाची नोंद आहे. काय दिले? लेणे, चैत्यगृह, राहण्याच्या आठ खोल्या, लेण्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याची टाकी आणि लेण्याशी जोडणारी वाट.

४.
या यादीकडे नीट पाहावे. सुमारे दुसऱ्या शतकातल्या त्या दात्याला आणि त्याच्या पाथरवटांना एक गोष्ट स्वच्छ समजत होती. निवारा म्हणजे नुसती खोली नव्हे. खोली, पाणी, वाट आणि एकत्र जमण्याची जागा हे चारही मिळून निवारा होतो. आजच्या घरकुल योजनेच्या कागदपत्रांत यातली पहिली गोष्टच ठळक असते. उरलेल्या तीन ‘नंतर बघू’ या सदरात जातात.

५.
आता १९२३. मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी निधीतून बांधलेली किंवा चालवली जाणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुली असावीत, असे त्याचे तात्पर्य. हा ठराव सहसा ‘पाण्याचा ठराव’ म्हणून सांगितला जातो. वास्तविक ती सार्वजनिक जागांची यादी होती. गाव म्हणजे कोणत्या सामाईक वस्तूंची बेरीज, हे त्या यादीने सांगितले.

६.
महाड नगरपालिकेने, सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने, त्याला अनुसरून तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर प्रश्न मिटला. तळ्यावर मात्र कोणी जाऊ शकले नाही. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा सार्वजनिक ठरवलेले तळे हाकेच्या अंतरावर असताना परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. ठराव आणि अंमल यांच्यातील दरीची किंमत इतक्या नेमक्या आकड्यात क्वचितच सापडते.

७.
पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारोंनी तळ्याचे पाणी घेतले. मग वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा, परतणाऱ्यांवर हल्ले, आणि १०८ घागरींचे ‘शुद्धीकरण’. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावानंतर बरोबर चार वर्षांनी, त्याच तारखेला, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. ज्या संस्थेने जागा सार्वजनिक केली, तिनेच ती पुन्हा खाजगी मनोवृत्तीच्या हवाली केली.

८.
डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेला मंडपासाठी जागा मिळेना. ती दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी जलमार्गाने दासगावच्या बंदरात उतरले आणि तेथून महाडला आले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. पण तळ्यावर मनाईहुकूम होता, कारण प्रतिपक्षाने दिवाणी दावा ठोकला होता: हे तळे सार्वजनिक नाही, आमचे आहे.

९.
हा दावा उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला. प्राचीन रूढी सिद्ध होत नाही, म्हणून वगळण्याचा अधिकारही नाही, हा त्याचा सारांश बहुतेकांना ठाऊक असतो. त्याच निकालातील जागेचे वर्णन मात्र फारसे कोणी वाचत नाही, आणि या सूत्राचा कणा तेच वर्णन आहे.

१०.
तळे चार ते पाच एकरांचे. चहूबाजूंनी नगरपालिकेचा रस्ता. रस्त्यापलीकडे घरे, जवळपास सगळी सवर्णांची, थोडी मुसलमानांची. आणि तळ्याच्या काठावरील जमिनीच्या पट्ट्या, पाण्यात उतरण्याचे घाट, बांधीव कठडे यांपैकी पुष्कळसे त्याच घरमालकांच्या मालकीचे. म्हणजे पाणी नगरपालिकेचे, पण पाण्यापर्यंत नेणाऱ्या पायऱ्या काठावरच्यांच्या.

११.
सार्वजनिक जागा हिरावून घेण्यासाठी तिला कुलूप लावावे लागत नाही. तिच्याभोवती कोण राहतो आणि कोणाला राहू दिले जात नाही, एवढे ठरवले की पुरते. ज्यांची वस्ती गावकुसाबाहेर होती, त्यांच्यासाठी तळ्याकडे जाणारी प्रत्येक पाऊलवाट दुसऱ्याच्या दारातून जात होती. तळ्याचा लढा हा ‘फक्त पाण्याचा’, घरांशी त्याचा संबंध काय, असे म्हणणाऱ्यांनी हा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. वस्तीच्या रचनेतच बहिष्कार बांधलेला होता.

१२.
आणखी एक विसरलेली बाब. हा सत्याग्रह ज्यांनी उभा केला, ते स्वतः त्या वेळी कुठे राहत होते? परळच्या पोयबावाडीत, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, दोन छोट्या खोल्यांत. १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे बाबासाहेबांचा संसार, ग्रंथ आणि चळवळ त्या चाळीत वाढली. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईतील दाट वस्त्या मोकळ्या करण्यासाठी १८९८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची ती चाळ.

१३.
त्या ट्रस्टचे गुणगान करण्याचे कारण नाही. गरिबांची घरे पाडण्यात त्याने जी तडफ दाखवली ती बांधण्यात दाखवली नाही, हा आक्षेप तेव्हापासूनचा आहे. त्यानंतर १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींत एका कुटुंबाला १६० चौरस फुटांची खोली देण्यात आली. त्यांतील काही वरळीच्या चाळी सविनय कायदेभंगाच्या काळात तात्पुरता तुरुंग म्हणून वापरल्या गेल्या. घर आणि कोठडी यांत फारसा फरक न करता बांधकाम केले की असे होऊ शकते.

१४.
तरीही त्या चाळींत एक गोष्ट होती जी कंत्राटदाराच्या नकाशात आजही सापडत नाही: लांब सामाईक व्हरांडा आणि मधले पटांगण. महाड, पोलादपूर, माणगावहून गिरणीत आलेला चाकरमानी त्या खोलीत फक्त झोपत असे. त्याचे मंडळ, भजन, वाचनालय, सभा हे सारे पटांगणात आणि व्हरांड्यात होई. खोली अपुरी होती म्हणून माणसे जगली नाहीत. बाहेरची जागा होती म्हणून जगली. स्वस्त घर म्हणजे केवळ लहान घर, या समजुतीला हे उत्तर आहे.

१५.
आता मुंबईहून पुन्हा सावित्रीच्या खोऱ्यात. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून उतरते आणि महाडजवळ तिला गांधारी मिळते. भरतीचे पाणी खाडीतून वर चढते. महाड बंदर होते तेव्हा हीच त्याची श्रीमंती होती. बाजारपेठ नदीला चिकटून वसली ती मालाच्या चढउतारासाठी. पूर येत, लोकांना तो ठाऊक असे आणि भातखाचरांत त्याला पसरायला जागा होती. त्या खाचरांवर भराव पडत गेले, तसे पुराला घरांखेरीज जागा उरली नाही.

१६.
जुलै २००५. महाड तालुक्यात जुई, रोहन, दासगाव, कोंडिवते, पोलादपूर तालुक्यात कोतवाल. डोंगर वस्त्यांवर उतरले आणि शंभराहून कितीतरी अधिक माणसे गेली. यातील दासगाव हे नाव या सूत्रात दुसऱ्यांदा येत आहे. १९२७ च्या डिसेंबरात सत्याग्रही उतरले ते बंदर हेच. परिषदेचे एक प्रमुख संघटक रामचंद्र बाबाजी मोरे वाढले ते इथेच. आणि याच दासगावातील दरडग्रस्त कुटुंबांनी पत्र्याच्या ‘तात्पुरत्या’ शेडमध्ये वर्षानुवर्षे काढली.

१७.
२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला आणि त्याबरोबर प्रवाशांनी भरलेल्या दोन एसटी. नवा पूल वर्षाच्या आत, जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि ती अभिमानास्पद आहेही. पण तिच्यातून एक प्रश्न निघतो. महामार्गाचा पूल वर्षात उभा राहू शकतो, मग दरडग्रस्तांचे घर का नाही? अभियंते तेच, खजिना तोच. फरक एवढाच की पूल बंद पडला तर राज्याचा व्यवहार थांबतो. शेडमधले कुटुंब थांबले तर फक्त त्याचाच व्यवहार थांबतो.

१८.
२४ ऑगस्ट २०२०. महाड शहरातील काजळपुरा भागात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली. १६ माणसे गेली. ही इमारत जुनी, मोडकळीला आलेली नव्हती. सुमारे दशकभरापूर्वीच उभी राहिलेली होती. तिथे राहणारे श्रीमंत नव्हते आणि अतिक्रमण करणारेही नव्हते. त्यांनी बाजारात मिळणारे, परवडणारे, ‘कायदेशीर’ घर घेतले होते. परवडणाऱ्या घरांचा प्रश्न बाजार सोडवील, असे म्हणणाऱ्यांना हे १६ मृत्यू उत्तर मागतात.

१९.
२२ जुलै २०२१. महाड शहरात पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढले. त्याच दिवशी तळीये गावाच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर कोसळला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. घरे नव्याने बांधून देण्याची घोषणा म्हाडामार्फत झाली. दुसरा पावसाळा आला तेव्हाही तळीयेची अनेक कुटुंबे कंटेनरमध्येच होती. मध्ये १६ वर्षे गेली, तरी दासगावची शेड आणि तळीयेचा कंटेनर यांत पत्र्याच्या जाडीपलीकडे काय बदलले?

२०.
यावर ठरावीक उत्तर तयार असते: निसर्गापुढे कोणाचे चालते? प्रचंड पाऊस निसर्गाचा, यात वाद नाही. पण पाऊस सर्वांवर पडतो, डोंगर सर्वांवर पडत नाही. उताराच्या पायथ्याशी कोण, सपाट गावठाणात कोण, पूररेषेच्या आत भाड्याने कोण, ही वाटणी पावसाने केलेली नाही. ती शतकांच्या जमीनधारणेने केली आहे. गावाचे मूळ गावठाण भरले, वाढीव गावठाणाचे प्रस्ताव रखडले, की पुढची पिढी वर डोंगराकडे सरकते किंवा खाली नदीकडे.

२१.
दुसरे उत्तर: ‘लोकच जागा सोडत नाहीत.’ हे अर्धसत्य आहे आणि म्हणून अधिक घातक. शेती इथे, गुरे इथे, देव इथे, पाणी इथे. दाखवलेली पर्यायी जागा चार मैलांवर, उघड्या माळावर, विहिरीवाचून. ती न स्वीकारणे हा अडाणीपणा नसून साधा हिशेब आहे. गांधारपाल्याच्या शिलालेखातील यादी इथे पुन्हा आठवावी: खोली, पाणी, वाट, जमण्याची जागा. चारांपैकी एकच देऊ करणाऱ्याला नकार मिळणे स्वाभाविक आहे.

२२.
तिसरे उत्तर आकड्यांचे: ‘योजना आहेत की!’ आहेत. २०१६-१७ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार आणि डोंगराळ प्रदेशासाठी १ लाख ३० हजार रुपयांचे साहाय्य ठरले, किमान २५ चौरस मीटरच्या घरासाठी. पण घर बांधायला आधी जागा लागते. या तालुक्यांतील कातकरी कुटुंबांपैकी कित्येकांच्या झोपडीखालची जमीन दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आहे. त्यांच्या दृष्टीने हे अनुदान म्हणजे खुले केलेले, पण पायऱ्या नसलेले तळेच आहे.

२३.
घाईचाही एक धडा आहे. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातील माळीण दरडीखाली गेले. आमडे येथे नवे माळीण तीन वर्षांच्या आत, एप्रिल २०१७ मध्ये वसले; शाळा, रस्ते, सभागृहासह. महाडच्या तुलनेत हे निःसंशय श्रेष्ठ. परंतु पहिल्याच पावसात भराव खचला, रस्त्यांना तडे गेले आणि लोकांच्या पोटात पुन्हा गोळा आला. निष्कर्ष असा की इच्छाशक्ती असेल तर वेळ लागत नाही, पण जमिनीचा अभ्यास घाईत उरकला तर इच्छाशक्तीही पुरत नाही.

२४.
मग करावे काय? पहिली गोष्ट, घराआधी जागा. गावठाण विस्ताराचा निर्णय दरड कोसळण्यापूर्वी, भूवैज्ञानिकांच्या तपासणीने आणि ग्रामसभेच्या संमतीने व्हावा. दुसरी, बौद्धवाडी, कातकरवाडी आणि मूळ गाव यांची जुनी फाळणी नव्या वसाहतीत जशीच्या तशी उतरवू नये. विहीर, अंगणवाडी, समाजमंदिर मध्यभागी असावे आणि तिथपर्यंतची वाट कोणाच्याही खाजगी हद्दीतून जाऊ नये.

२५.
तिसरी, शहरात भाड्याच्या सुरक्षित घरांची सोय. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांत राबणारा कामगार बिरवाडी आणि आसपासच्या गावांत जे मिळेल ते भाड्याने घेतो. कारखान्यासाठी जमीन, पाणी, वीज यांचे नियोजन होते. कामगाराच्या झोपण्याचे होत नाही. चौथी, पूररेषेतील मोकळ्या जागा मैदान, बाग, आठवडी बाजार म्हणून राखाव्यात. कोरड्या दिवसांत त्या माणसांच्या, पुराच्या दिवसांत नदीच्या. मैदान आणि पूरनियंत्रण ही दोन खाती एकाच भूखंडावर नांदू शकतात.

२६.
पाचवी, प्रत्येक इमारतीचे बांधकाम प्रमाणपत्र आणि प्रत्येक वाडीचा धोक्याचा अहवाल हा सार्वजनिक पाणवठ्याइतकाच सार्वजनिक मानावा. तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, मराठीत, दर वर्षी मे महिन्यात लागावा. कचेरीच्या कपाटातील अहवाल आणि १९२४ ते १९२७ या काळात कागदावर खुले असलेले तळे यांत तत्त्वतः काही भेद नाही.

२७.
इतिहासप्रेमी तरुण या खोऱ्यातून पुष्कळ वेळा जातात. रायगड, पोलादपुरातील कवींद्र परमानंदांची समाधी, तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ, आंबेनळी घाटातून प्रतापगड. या वाटेवर ज्या वाड्या लागतात त्यांच्या पूर्वजांनी ते गड बांधले, राखले, लढवले. गडाच्या तटाचा एक दगड निखळला तर पोस्टांचा पूर येतो, आणि तो यावाही. त्याच गडाखालच्या वाडीचा अख्खा डोंगर निखळला तर तोच आवाज आठवड्यात विरतो. स्मारकांचे संवर्धन आणि वस्त्यांचे संरक्षण यांना परस्परविरोधी ठरवण्याची गरज नाही. पण दुसऱ्यावाचून पहिले पोकळ आहे.

२८.
चवदार तळे आज सुशोभित आहे. कठडे आहेत, पुतळा आहे, पायऱ्यांवरून कोणीही उतरू शकतो. तो हक्क मिळायला दोन परिषदा, अनेकांच्या अंगावरचे घाव आणि दहा वर्षांचा दावा लागला. डिसेंबर १९२७ च्या भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट केले होते की हे पाणी प्यायल्याने कोणी अमर होणार नाही. प्रश्न समतेचा पाया घालण्याचा आहे. ‘पाया’ हा शब्द बांधकामातलाही आहे. तळीयेच्या घराचा पाया आणि तो पाया वेगळे मानणे, हाच महाडच्या इतिहासाचा सर्वांत मोठा विपर्यास.

२९.
पुढच्या २० मार्चला महाडला जाणाऱ्याने तळ्याला एक फेरी मारून काठावरच्या पायऱ्या पाहाव्यात. मग दासगावला जावे, तिथून तळीयेला. विचारावे एवढेच: घर मिळाले का, विहीर किती दूर, पावसाळ्यात रात्री झोप लागते का? उत्तरे लिहून काढावीत, तारखेसह. १९३७ चा निकाल देणाऱ्या न्यायाधीशांनी पायऱ्यांची नोंद केली, म्हणून आज त्यांच्या मालकीचा प्रश्न विचारता येतो. आजच्या वाड्यांची नोंद कोणी केलीच नाही, तर शंभर वर्षांनी हा प्रश्न विचारण्यापुरताही पुरावा उरणार नाही.

(समाप्त)